खूण नसलेली जुनी दौत : धातू आणि वय कसे ठरवले जाते

वाडवडिलांच्या पेटीतून निघालेली दौत किंवा कलमदान आमच्याकडे घेऊन येणारे बहुतेक ग्राहक आधी वस्तूचा तळ उलटून शिक्का शोधतात आणि तो न दिसल्यास वस्तू सामान्यच असणार, असे धरून चालतात. ही समजूत बरोबर नाही. इंग्लंडमध्ये चांदीवर शुद्धतेचे शिक्के मारण्याची पद्धत कित्येक शतके जुनी आहे. आपल्याकडे मात्र सोनार, तांबट आणि कासार यांनी घडवलेल्या जुन्या वस्तूंवर बहुधा कसलीही खूण नसते. त्यामुळे उत्तर वस्तूच्याच अंगावर शोधावे लागते.

आमची पहिली आणि कळकळीची विनंती अशी की, वस्तू दाखवण्यापूर्वी ती चिंच, लिंबू किंवा राख लावून घासू नये. कोपऱ्यांत वाळून बसलेली शाई, बिजागरीतला मळ आणि पृष्ठभागावर सावकाश चढलेला काळपटपणा हाच वयाचा पुरावा असतो, आणि एकदा गेलेला तो पुन्हा आणता येत नाही. बिदरी कामाच्या दौतीवरील काळा रंग तर मळ नसून कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. जस्ताच्या त्या काळ्या पार्श्वभूमीवरच चांदीची नक्षी उठून दिसते.

धातू ओळखताना आम्ही झिजलेल्या जागा आधी पाहतो. झाकण उघडताना अंगठा जिथे टेकतो ती कड, टाक आपटून खरचटलेला दौतीचा काठ आणि बिजागरीची खीळ या ठिकाणी मुलामा सर्वांत आधी जातो. पांढऱ्या वस्तूवर तिथे पिवळी रेघ दिसली, तर आत पितळ आहे आणि वर मुलामा आहे. रेघ दिसली नाही म्हणून वस्तू चांदीचीच आहे, असे मात्र होत नाही; कारण तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणातून होणारे जर्मन सिल्व्हर आतूनही पांढरेच असते आणि त्यात नावापुरतीही चांदी नसते.

अशा वेळी पाण्यातले वजन उपयोगी पडते, आणि हे आपल्याला घरीही करता येईल. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा, दौत दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही अशी धरावी आणि आत अडकलेली हवा निघून गेल्यावर आकडा वाचावा. दौतीच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की धातूची घनता मिळते. समजा, दौत 318 ग्रॅमची आहे आणि काट्याने 37 ग्रॅम दाखवले. तर भागाकार सुमारे 8.6 येतो. पितळ आणि जर्मन सिल्व्हर याच्या आसपास असतात, तांबे 8.96 आणि शुद्ध चांदी 10.5 च्या जवळ. म्हणजे ही दौत चांदीची नाही. लाकूड, शिंग, चिकटवलेली काच किंवा वजनासाठी तळात भरलेली राळ असेल, तर ही परीक्षा करू नये. वस्तूही बिघडते आणि आकडाही चुकतो. तेजाबाची परीक्षा घरी अजिबात करू नये. आम्ही ती ग्राहकाची परवानगी घेऊन, तळाच्या न दिसणाऱ्या जागीच करतो.

वयाच्या बाबतीत आम्ही नेमके साल सांगत नाही. वस्तू कोणत्या काळाच्या आधीची असू शकत नाही, एवढे खात्रीने सांगतो. विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी 1840 मध्ये घेतले, त्यामुळे तसा मुलामा त्यापूर्वीचा असणे जवळपास अशक्य आहे. ॲल्युमिनियम 1886 नंतरच स्वस्त झाले. क्रोमियमची निळसर चमक 1920 च्या दशकापासून दिसू लागली आणि अधिक चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू 1930 च्या दशकापासून. अर्थात, एखादा स्क्रू दुरुस्तीत बदललेला असू शकतो, म्हणून तो मूळचा आहे की नाही, हे भोकातील आटे आणि आजूबाजूची झीज पाहूनच ठरवावे लागते. झीज वापराच्या जागी नसून सगळीकडे सारखीच असेल आणि हिरवा थर बोटाने निघत असेल, तर वस्तू मुद्दाम जुनी केली असल्याचा दाट संशय घ्यावा.

परदेशी राहणाऱ्या नातलगांना अशी वस्तू भेट देण्याचा विचार असेल, तर 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे.

वस्तू आणताना ती स्वच्छ सुती कापडात गुंडाळावी. रबरबँड लावू नये, कारण रबरातील गंधकामुळे चांदीवर काळे पट्टे उमटतात. सुटलेली खीळ, तुटलेले झाकण किंवा आतली काचेची कुपी निरुपयोगी वाटली, तरी ती सोबत आणावी.