‘जायचो’ की ‘सवय आहे’? ‘यूज्ड टू’ची दोन रूपं

डिचोलीची माझी एक विद्यार्थिनी पणजीतल्या एका हॉटेलात मुलाखतीला गेली होती. रविवारी काम जमेल का, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘आय यूज्ड टू वर्क ऑन संडेज.’ तिला सांगायचं होतं, ‘मला रविवारी काम करायची सवय आहे.’ समोरच्यानं अर्थ घेतला, ‘पूर्वी करायची, आता नाही.’ एक ‘ॲम’ आणि एक ‘इंग’ राहून गेलं, एवढंच. तिला म्हणायला हवं होतं, ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ऑन संडेज.’

ही चूक मराठीतून येते, असं मला मनापासून वाटतं. ‘मला सवय आहे’ म्हणताना ‘आहे’ सवयीला लागतं, माझ्याशी जुळत नाही. इंग्रजीत मात्र ‘ॲम’ थेट ‘आय’ला चिकटतं.

आधी ‘ॲम’ नसलेलं रूप. ५ जुलै १९८६ रोजी मांडवी नदीवरचा नेहरू पूल कोसळला आणि पर्वरी-बेतीकडच्या लोकांची फेरीबोटीवर गर्दी उसळली. त्यांच्यापैकी कुणी आज म्हणेल, ‘आय यूज्ड टू क्रॉस द मांडवी बाय फेरी.’ म्हणजे मी फेरीबोटीनं जायचो. आता जात नाही. ‘टू’नंतर क्रियापद मूळ रूपात, आणि काळ फक्त भूतकाळ. म्हणून रोज सहाला उठणाऱ्यानं ‘आय यूज्ड टू गेट अप ॲट सिक्स’ म्हणू नये. त्याला साधं ‘आय गेट अप’ पुरतं.

दिवाडी बेटावरच्या माणसाचं वाक्य वेगळं. त्याला आजही फेरीबोट धरावी लागते: ‘आय ॲम यूज्ड टू वेटिंग फॉर द फेरी.’ थांबायची सवय आहे. इथे ‘यूज्ड’ विशेषण आहे आणि ‘टू’ शब्दयोगी अव्ययासारखं, म्हणून पुढे नाम किंवा ‘इंग’वालं रूप येतं. काळही हवा तो लावता येतो. दिवाडीत नव्यानं राहायला आलेला म्हणेल, ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट’, हळूहळू सवय होतेय.

मुलं विचारतात, मग ‘मी’ आलं की पहिलं आणि ‘मला’ आलं की दुसरं, असं धरायचं का? नाही. ‘मला पावसात फुटबॉल खेळायला आवडायचं’ यात ‘मला’ आहे, तरी इंग्रजीत ‘आय यूज्ड टू लाइक’ असंच होतं. वाक्य ज्या क्रियापदानं संपतं, त्याचा शेवट बघा: ‘-यचो, -यची, -यचं’ असेल तर पहिलं. ‘सवय’ हा शब्द वाक्यात आणता आला तर दुसरं.

उच्चारानं दोन्ही ओळखता येत नाहीत. दोन्हीकडे ‘यूस्टु’च ऐकू येतं. पण ‘द नाइफ इज यूज्ड टू कट फिश’, म्हणजे सुरी मासे कापायला वापरतात, यात ‘स’ नसतो, ‘जहाज’मधला ‘ज’ स्पष्ट वाजतो.