सेंद्रिय कॉफीची पार्श्वभूमी: तांबेरा, इंदूरचे खत आणि कोसळलेले भाव

कॉफी मुळात जंगलातली. इथिओपियाच्या नैऋत्येकडच्या डोंगराळ अरण्यांत अरेबिका ही कॉफीची जात उंच झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या जाड थरावर वाढते. सावली, आच्छादन, कुजलेले खत हे आज सेंद्रिय कॉफीचे धडे म्हणून शिकवले जाते; त्यातले बरेचसे या जंगलातच होते. मळे उभे राहिले तेव्हा मात्र ते हरवले.

त्याचा सर्वांत मोठा फटका सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) बसला. डोंगरच्या डोंगर मोकळे करून तिथे एकट्या कॉफीची लागवड झाली होती. १८६९ मध्ये पानांवर नारिंगी भुकटी दिसू लागली. तो तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग होता. पुढच्या दोन दशकांत सिलोनची कॉफी जवळपास संपली आणि त्या जागी चहा आला. १८८० मध्ये तपासणीसाठी पाठवलेल्या हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने या बुरशीचे जीवनचक्र उलगडले आणि सलग एकाच पिकामुळे तिला मोकळे रान मिळाले, हेही दाखवले. त्यांचे हे दुसरे निरीक्षण फार काळ कुणी मनावर घेतले नाही. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षांवरच्या बुरशीसाठी मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण आले आणि नंतर कॉफीच्या मळ्यांतही पोहोचले. सेंद्रिय शेतीच्या अनेक नियमावल्यांत ते आजही मर्यादित प्रमाणात चालते.

खताचा धागा इंदूरचा आहे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात तिथे काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ढीग ठरावीक वेळी पलटून, साधारण तीन महिन्यांत कंपोस्ट तयार करण्याची पद्धत बसवली. १९३३ मध्ये नैरोबीजवळच्या किंगाटोरी या कॉफीच्या मळ्याने ती उचलली. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. कॉफीची छाटणी, तण, फळांची साले यांचा ढीग प्रत्येक मळ्यात पडलेलाच असतो; त्याचे खत करायची शिस्त इथून आली. दुसरीकडे ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांतून निघालेली बायोडायनॅमिक शेती (सेंद्रिय शेतीचाच एक प्रकार) मेक्सिकोत चियापासमधल्या फिंका इर्लांदा या मळ्यात पोहोचली. १९६७ मध्ये या मळ्याला मिळालेले प्रमाणपत्र सेंद्रिय कॉफीतले पहिले मानले जाते.

तोवर बाकीचे जग उलट दिशेने निघाले होते. १९७० मध्ये तांबेरा ब्राझीलमध्ये आढळला आणि पुढे मध्य अमेरिकेकडे सरकला. सावलीतल्या ओलाव्याने तो वाढतो, या भीतीने सावलीची झाडे तोडली गेली. ठेंगणे वाण दाटीने लावून त्यांना रासायनिक खते आणि फवारण्या देण्याचा कार्यक्रम अमेरिकी मदतीच्या पैशावर पसरला. उत्पादन वाढले, त्याबरोबर खर्चही वाढला आणि उघड्या उतारांवरची माती वाहू लागली.

१९८९ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची, प्रत्येक देशाची निर्यात ठरवून देणारी कोटा पद्धत मोडली आणि भाव निम्म्यावर आले. खतांचा खर्च झेपणार नाही, अशा छोट्या शेतकऱ्यांसाठी सेंद्रिय मार्ग तेव्हा जगण्याचा प्रश्न झाला. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातील आदिवासी शेतकऱ्यांची युसिरी ही संघटना १९८३ पासून उभी राहत होती. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या मॅक्स हावेलार या रास्त व्यापाराच्या, म्हणजे शेतकऱ्याला वाजवी भाव देणाऱ्या व्यापाराच्या शिक्क्यामागे तिचा मोठा वाटा आहे. अशा संघटनांनी एक गोष्ट ठामपणे मांडली: फवारणी परवडत नाही म्हणून दुर्लक्षित राहिलेला मळा सेंद्रिय नव्हे. छाटणी, उताराला आडवे बांध, कंपोस्ट, सावलीचे नियमन ही कामे प्रत्यक्ष व्हायला हवीत. हा फरक आजही अनेकांच्या लक्षात येत नाही.

सेंद्रिय प्रमाणपत्राचा खर्च एकेकट्याला झेपणारा नव्हता. त्यातून गटाची अंतर्गत तपासणी आली: गटाचे निरीक्षक प्रत्येक शेत पाहतात आणि बाहेरची संस्था त्यांतली काही निवडून पडताळते. सेंद्रिय शेतीचे युरोपचे पहिले नियम १९९१ चे; अमेरिकेचा कायदा १९९० चा, पण तो पूर्ण अमलात आला २००२ मध्ये.

२०१२ मध्ये मध्य अमेरिकेत तांबेऱ्याची मोठी साथ आली आणि सेंद्रिय मळेही होरपळले. तांब्याची फवारणी रोग दिसण्याआधीच करावी लागते आणि उपाशी झाड रोगाला लवकर बळी पडते, हे तिथे महागात पडून कळले. फिंका इर्लांदातल्या संशोधनाने मात्र वेगळी बाजू दाखवली. सावलीच्या झाडांवर घरटी करणाऱ्या अझ्टेका मुंग्या कॉफीवरची हिरवी खवले कीड सांभाळतात. त्या दाट किडीवर पांढरी बुरशी येते आणि तीच बुरशी तांबेऱ्यावरही वाढते. सावलीची झाडे तोडली की ही साखळी पहिल्या कडीलाच तुटते. रोगप्रतिकारक वाणांवर सगळी भिस्त ठेवणेही धोक्याचे: होंडुरासमधल्या लेम्पिरा वाणाने २०१७ च्या सुमारास आपली प्रतिकारशक्ती गमावली.