पकच्या आधी पोचणारा गोलरक्षक

आइस हॉकीचा गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असतो. नियमातच तसं लिहिलेलं, त्यामुळे तो टेप लावून मोजावा असं कुणाच्या मनात येत नसे. मॉंट्रियल कॅनेडियन्स संघाचा गोलरक्षक झाक प्लांट मात्र सांगू लागला, की काही शहरांतल्या रिंकवर गोलचा आडवा दांडा खाली बसवलेला आहे. गुडघ्यांत वाकून पवित्रा घेतला की दांडा पाठीला नेहमीच्या जागी लागत नाही, एवढाच त्याचा पुरावा होता. प्लांट विक्षिप्त म्हणून आधीच प्रसिद्ध, त्यामुळे हे बोलणंही त्याच खात्यात जमा झालं. पुढे प्रत्यक्ष मोजमाप झालं तेव्हा काही गोल खरोखरच दोन इंच ठेंगणे निघाले. चार फुटांतले दोन इंच म्हणजे गोलच्या क्षेत्रफळाचा चोविसावा हिस्सा. तिथल्या यजमान गोलरक्षकांना वर्षभर तेवढी जागा कमी राखावी लागत होती.

पाठीच्या कण्यावर दोन इंचांचा फरक ओळखणाऱ्या या माणसाने गोलरक्षणाचं काय केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्या आधी ही कामगिरी धाडस आणि चपळाई यांच्या नावे मांडली जाई. ती शिकता येते, मोजता येते आणि दुसऱ्याच्या हाती सोपवता येते हे प्लांटने दाखवलं. खेळाडू म्हणून दाखवलं, आणि मग प्रशिक्षक म्हणून.

प्लांटचा जन्म 17 जानेवारी 1929 चा, कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातला. अकरा भावंडांत तो थोरला. आईकडून विणकाम शिकला आणि पुढे नामांकित खेळाडू झाल्यावरही स्वतःच्या लोकरी टोप्या स्वतः विणत राहिला. लहानपणापासून त्याला दमा होता आणि त्याची पुढची सगळी वाट या दम्यानेच ठरवली. थंड हवेत बाष्प फार कमी असतं. जोरात धावताना किंवा स्केटिंग करताना ती हवा तोंडावाटे भराभर आत जाते, श्वासनलिकांच्या अस्तरातला ओलावा ओढून घेते, आणि संवेदनशील माणसाच्या नलिकांभोवतालचे स्नायू आकसतात. छाती भरून येते, शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. मुलाला फार वेळ स्केटिंग झेपेना, म्हणून तो गोलसमोर उभा राहिला. तिथे हालचाल स्फोटक असते, पण थोड्या क्षणांची.

आता त्याच्यासमोर काय येत होतं ते पाहू. पक म्हणजे टणक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, वजन 156 ते 170 ग्रॅम. बर्फावर ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवतात. म्हणजे वजन क्रिकेटच्या चेंडूइतकंच, पण टप्पा पडून वेग कमी होण्याची सवलत नाही आणि वर कडा धारदार. कसलेल्या खेळाडूचा जोरदार फटका ताशी 160 किलोमीटरच्या घरात जातो, म्हणजे सेकंदाला साधारण 44 मीटर. 18 मीटरवरून मारलेला असा पक 0.4 सेकंदात गोलपाशी पोचतो. सहा मीटरवरून मारला तर 0.14 सेकंदात.

डोळ्याला काही दिसलं, मेंदूने ते ओळखलं आणि स्नायूला हुकूम सुटला, या प्रवासाला माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. त्यानंतर पाय किंवा हात प्रत्यक्ष हलायचा वेळ वेगळा. म्हणजे जवळून आलेला फटका पाहून अडवणं शरीराला शक्यच नाही. तरीही चांगले गोलरक्षक तो अडवतात, कारण फटका सुटण्याआधीच त्यांचं निम्मं काम झालेलं असतं.

हे काम डोळे कसं करतात, याचा अभ्यास कॅलगरी विद्यापीठात डेरेक पँचक आणि जोन व्हिकर्स यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केला. गोलरक्षकांच्या डोळ्यांवर नजरेचा माग घेणारं उपकरण बसवून त्यांच्यावर खरे फटके मारले गेले. जे फटके अडवले गेले त्यांत गोलरक्षकाची नजर फटका मारण्याच्या जवळजवळ एक सेकंद आधीपासून पक आणि काठीच्या टोकाभोवती खिळलेली होती. मारणाऱ्याचे खांदे, डोळे, धड यांच्याकडे ती फारशी गेली नाही. भिरभिरणारी नजर उशिरा स्थिरावते, आणि मेंदूला अंदाज बांधायला मिळणारा तो मोलाचा सेकंद हातचा जातो.

प्लांटच्या काळात असं उपकरण नव्हतं. त्याच्याकडे होती ती भूमिती.

पक गोलपासून 10 मीटरवर आहे असं समजा. पकपासून गोलच्या दोन्ही खांबांपर्यंत आणि वरच्या दांड्यापर्यंत रेषा ओढल्या तर एक सुळका तयार होतो. गोलात जाणारा प्रत्येक सरळ फटका या सुळक्यातूनच जातो. गोलरक्षक गोलरेषेवर उभा असेल तर त्याला सुळक्याचं सगळ्यात रुंद तोंड झाकायचं आहे, 1.83 मीटर रुंद आणि 1.22 मीटर उंच, म्हणजे सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास. तो तीन मीटर पुढे आला तर सुळक्याची रुंदी आणि उंची दोन्ही सात दशांश होतात. शाळेत शिकलेले समरूप त्रिकोण ते हेच. सात दशांशचा वर्ग 0.49. तीन मीटर पुढे सरकल्याने राखायची जागा निम्म्याहून कमी होते, आणि चपळाई कणभरही वाढवावी लागत नाही.

मग प्रत्येक जण पुढेच का उभा राहत नाही? कारण बाजूला दुसरा खेळाडू असतो. पक त्याच्याकडे गेला की सुळका क्षणात कलतो, आणि पुढे आलेल्या गोलरक्षकाला मधल्या रेषेवर परतायला जास्त अंतर कापावं लागतं. किती पुढे यायचं, कधी मागे सरकायचं, कोण मारेल आणि कोण पास देईल, हा हिशेब दर सेकंदाला बदलतो. प्लांट तो हिशेब सतत करत असे आणि मोठ्याने बोलूनही दाखवत असे. आपल्या बचावपटूंना ओरडून सूचना देणं, गोल सोडून जाळीच्या मागे जाणं, तिथे आलेला पक थांबवून साथीदाराला देणं, हे त्याने नेहमीच्या खेळात आणलं. आजचे गोलरक्षक हे सर्रास करतात. त्या काळी मात्र प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागे आणि प्रशिक्षकांचा रक्तदाब वाढे. 1956 ते 1960 अशी सलग पाच वर्षं कॅनेडियन्सनी स्टॅनली चषक, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीचं विजेतेपद, जिंकला, ती सगळी वर्षं गोलसमोर प्लांटच होता. मोसमातल्या उत्तम गोलरक्षणासाठीचा व्हेझिना करंडक त्याच्या नावावर सात वेळा लागला.

हे सगळं त्याने बराच काळ उघड्या चेहऱ्याने केलं. त्या जमान्यात एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगमधले गोलरक्षक मुखवटा घालत नसत. 1930 मध्ये क्लिंट बेनेडिक्टने काही सामने चामडी मुखवटा वापरून पाहिला होता, पण प्रथा पडली नाही. प्लांट सरावात मुखवटा घालत असे, पण सामन्यात घालायला प्रशिक्षक टो ब्लेक यांची ना होती. नजर अडेल आणि खेळाडू ढिला पडेल, असं त्यांचं म्हणणं. नजरेचा मुद्दा अगदीच निराधार नव्हता, कारण डोळ्यांची भोकं लहान असली की थेट पायाशी आलेला पक दिसत नाही.

1 नोव्हेंबर 1959 ला न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सामना सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटं झाली असताना प्रतिस्पर्धी अँडी बाथगेटचा फटका प्लांटच्या चेहऱ्यावर बसला. सात टाके पडले. तेव्हा संघाबरोबर दुसरा गोलरक्षक नसायचा, त्यामुळे सगळा सामना त्याच्यासाठी थांबलेला. मुखवट्याशिवाय परत जाणार नाही, असं त्याने ब्लेकना सांगितलं. ब्लेकपुढे दुसरा पर्याय नव्हता. प्लांट मुखवटा घालून बर्फावर उतरला आणि कॅनेडियन्सनी तो सामना 3-1 ने जिंकला. पुढच्या मार्चमध्ये ब्लेक यांच्या आग्रहाखातर त्याने एक सामना मुखवट्याविना खेळून पाहिला, संघ 3-0 ने हरला, आणि वाद तिथेच मिटला.

तो मुखवटा फायबरग्लासचा होता. फायबरग्लास बनवणाऱ्या एका कंपनीत काम करणाऱ्या बिल बर्चमोर यांनी प्लांटच्या चेहऱ्याचा साचा घेऊन तो घडवला होता. ताशी 160 किलोमीटरने येणाऱ्या पकमध्ये सुमारे 160 जूल ऊर्जा असते. पकची कडा गालफडावर बसते तेव्हा ही सगळी ऊर्जा नखाएवढ्या जागेत उतरते आणि हाड मोडतं. काचेचे धागे आणि राळ यांचं कडक कवच तो मार पसरवतं. बल तेवढंच, पण क्षेत्र अनेक पट, म्हणून दाब कमी. या रचनेतली उणीव अशी की कवच चेहऱ्याला चिकटून बसत असे, त्यामुळे कातडी वाचली तरी हादरा कवटीपर्यंत जायचाच. 3 मे 1970 ला स्टॅनली चषकाच्या अंतिम फेरीत सेंट लुईसकडून खेळताना वाटेत दिशा बदललेला एक फटका प्लांटच्या कपाळावर आदळला. मुखवटा तडकला, प्लांट बेशुद्ध पडला आणि त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. मुखवट्यानेच जीव वाचवला, असं तो नंतर म्हणाला. त्याच सुमारास तो स्वतः मुखवटे बनवण्याच्या व्यवसायात उतरला.

त्याचं शिकवणं मात्र खेळत असतानाच सुरू झालं होतं. टोरांटो संघात चाळिशी ओलांडलेल्या प्लांटच्या जोडीला 1971 मध्ये बर्नी पॅरंट आला. पॅरंट लहानपणापासून प्लांटला आदर्श मानणारा. कुठे उभं राहायचं, कधी धीटपणे पुढे सरकायचं, सामना नसताना डोक्यात सामना कसा खेळायचा, हे प्लांटने त्याला समोर बसवून सांगितलं. आधीच्या साऱ्या वर्षांपेक्षा त्या काळात आपण जास्त शिकलो, असं पॅरंट पुढे सांगत असे. फिलाडेल्फियाला परतल्यावर 1973-74 च्या मोसमात त्याने 47 सामने जिंकले, 12 सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही, आणि 1974 व 1975 असे दोन्ही स्टॅनली चषक संघाला मिळवून दिले.

सप्टेंबर 1972 मधला प्रसंग तर याहून विलक्षण आहे. कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या गाजलेल्या मालिकेचा पहिला सामना मॉंट्रियलमध्ये होता. सामन्याआधी प्लांट दुभाष्याला घेऊन सोव्हिएत संघाच्या खोलीत गेला आणि वीस वर्षांच्या व्लादिस्लाव त्रेत्याकला फळ्यावर आकृत्या काढून समजावू लागला, की कॅनडाचा कोणता खेळाडू कुठून आणि कसा मारतो. कॅनडात तेव्हा सगळ्यांची खात्री होती की हा पोरगा गोलांच्या पावसात वाहून जाईल. सामना सोव्हिएत संघाने 7-3 ने जिंकला. त्रेत्याकने ही मदत आयुष्यभर कृतज्ञतेने सांगितली, आणि 1990 पासून तो स्वतः शिकागो संघाच्या गोलरक्षकांना शिकवू लागला.

निष्णात माणसाला आपलं कसब सांगता येईलच असं नसतं. वर्षानुवर्षांच्या सरावाने हालचाली मेंदूच्या अशा भागांकडे जातात जिथे शब्दांची गरज उरत नाही. कसं केलंस विचारलं तर तो गोंधळतो. प्लांट याला अपवाद ठरला त्याचं कारण, माझ्या मते, त्याचा दमा आणि त्याची चौकस बुद्धी. शरीराची उधळमाधळ परवडत नसल्याने त्याने प्रत्येक पाऊल आधी विचारात आणलं होतं, आणि जे विचारात असतं ते बोलता येतं.

पूर्ण संघाचा प्रशिक्षक म्हणून मात्र तो रमला नाही. 1973 मध्ये क्यूबेक नॉर्डिक्सने त्याला प्रशिक्षक आणि व्यवस्थापक म्हणून दहा वर्षांचा, दहा लाख डॉलरचा करार दिला. एका मोसमात 38 विजय, 36 पराभव आणि 4 बरोबरी, बाद फेरीत प्रवेश नाही. स्वतःवर आणि संघावर नाराज होऊन त्याने राजीनामा दिला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा एडमंटनकडून खेळायला उभा राहिला. मला यात त्याचा कमीपणा वाटत नाही. आक्रमकांची फळी बदलणं, वीस जणांच्या मनधरण्या करणं ही वेगळी विद्या आहे. खेळणं थांबवून तो स्वित्झर्लंडला राहायला गेला, तिथून फिलाडेल्फिया, मॉंट्रियल आणि सेंट लुईस या संघांच्या गोलरक्षकांना शिकवायला येत राहिला, आणि या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गोलरक्षकाला स्वतःचा वेगळा प्रशिक्षक हवा, ही कल्पना तोवर रुळलेली नव्हती. 27 फेब्रुवारी 1986 ला जिनिव्हात कर्करोगाने त्याचं निधन झालं.

पॅरंटचा खेळ त्याआधीच संपला होता. 17 फेब्रुवारी 1979 ला एका खेळाडूच्या काठीचं टोक त्याच्या मुखवट्याच्या डोळ्याच्या भोकातून आत गेलं आणि उजवी दृष्टी अधू झाली. पक तिथून जाऊ शकत नव्हता, काठी जाऊ शकत होती. त्यानंतर चेहऱ्याला चिकटणारे मुखवटे झपाट्याने मागे पडले आणि डोळ्यांपुढे पोलादी जाळी व चेहऱ्यापासून अंतर ठेवणारी रचना आली, जिच्यात हादराही कवटीपर्यंत कमी पोचतो. पॅरंट फिलाडेल्फियातच गोलरक्षकांचा प्रशिक्षक झाला. त्याने शिकवलेल्या पेले लिंडबर्गने 1985 चा व्हेझिना करंडक जिंकला. नंतरचा शिष्य रॉन हेक्सटॉल गोल सोडून पक खेळवण्यात इतका पटाईत होता, की 8 डिसेंबर 1987 ला बोस्टनने जादा आक्रमक उतरवण्यासाठी आपला गोलरक्षक बाहेर काढून गोल मोकळा ठेवलेला पाहून त्याने स्वतःच्या गोलपासून पक थेट समोरच्या जाळीत मारला. स्वतः फटका मारून गोल करणारा तो एनएचएलमधला पहिला गोलरक्षक.