बांगड्याचा वास, सोलं आणि हिरव्या लाइटची केमिस्ट्री

बांगडा जरा शिळा झाला की जो वास सुटतो ना, तो ट्रायमिथाइलअमीनचा, आणि आपण कालवणात सोलं टाकतो ती नुसती आंबटपणासाठी नाही. अमीन म्हणजे नायट्रोजन असलेलं एक प्रकारचं संयुग, त्यातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची एक जोडी मोकळी असते, सोलातल्या ॲसिडचा प्रोटॉन त्या जोडीला चिकटतो, अमीनचा क्षार होतो, आणि क्षार काय हवेत उडत नाही, म्हणून वास मरतो.

हीच मोकळी जोडी औषधं बनवणाऱ्यांच्या केवढ्या कामाची आहे बघा. कितीतरी औषधांच्या रेणूत अमीन असतं, आणि त्याला नवीन तुकडा जोडायचा तर कुठलातरी कार्बन-हायड्रोजन बंध तोडावा लागतो, पण असे बंध एकाच रेणूत ढीगभर, बरेचसे सारखेच चिवट, मग नेमका हवा तोच कसा तोडणार? इथे नायट्रोजन मदतीला येतो. प्रकाश पिऊन उत्तेजित झालेला कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता रिॲक्शन घडवून आणणारा पदार्थ, त्या जोडीतला एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आणि मग नायट्रोजनला लागून जो कार्बन आहे त्याचाच हायड्रोजन सैल पडतो, लांबचे सहसा जागच्या जागी राहतात. सैल झालेला निघाला की तिथे हवा तो गट बसवायचा.

गंमत म्हणजे हिरव्या प्रकाशात मोलमागे साधारण 225 किलोज्यूल एनर्जी, आणि हा बंध सरळ तोडायला 380 च्या आसपास लागते! म्हणजे जोर करून जमलंच नसतं, इलेक्ट्रॉन काढायची आडवाट होती म्हणून जमलं.

सुरुवातीला कॅटॅलिस्ट म्हणून रुथेनियम, इरिडियमची संयुगं वापरायचे, महाग आणि दुर्मिळ, वर औषधात मेटलचा अंश राहू नये म्हणून शुद्धीकरणाचा वेगळा व्याप. 2011 मध्ये जर्मनीत रेगेन्सबर्गला बुर्कहार्ड क्योनिग यांच्या ग्रुपने इओसिन वाय घेऊन हिरव्या एलईडीखाली अशी रिॲक्शन करून दाखवली. इओसिन म्हणजे बायॉप्सीच्या स्लाइडवर दिसतो तो गुलाबी रंग, कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये बाटली सापडेल, असल्या महागड्या मेटलचा त्यात कणही नाही. मला तर हे फार मोठं काम वाटतं.

अडचणी आहेतच. इओसिन स्वतः उजेडात हळूहळू विटतं. आणि लोटे परशुरामच्या एमआयडीसीत औषधांची रसायनं बनतात तसल्या मोठ्या रिॲक्टरमध्ये हे सरळ होणार नाही, कारण रंगीत द्रावणात प्रकाश काठावरच शोषला जातो, आतलं सगळं अंधारात. म्हणून आता एलईडीभोवती बारीक पारदर्शक नळी गुंडाळतात आणि द्रावण तिच्यातून सतत वाहतं ठेवतात, म्हणजे थेंब न् थेंब उजेडातून जातो.