एका आवारातले दोन वर्ग

‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शाश्वत विकास’ हा जोडविषय आता बऱ्याच विद्यापीठांत शिकवला जातो. तो नवा वाटतो खरा, पण यातले दोन्ही विषय निदान एका ठिकाणी तरी फार पूर्वीपासून शेजारी नांदत होते.

१९५६च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कार्यशाळा भरवली. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव तिच्याच प्रस्तावातून रूढ झालं. पुढे १९७२मध्ये त्याच डार्टमथमध्ये पर्यावरणाच्या अभ्यासक डोनेला मेडोज शिकवायला आल्या. त्याआधी अमेरिकेतल्याच एमआयटी या विद्यापीठात त्यांच्या गटाने लोकसंख्या, अन्न, उद्योग, प्रदूषण आणि खनिजसाठे यांचं परस्परांशी असलेलं नातं संगणकावर मांडलं होतं. ‘लिमिट्स टू ग्रोथ’ हा गाजलेला अहवाल त्यातूनच आला. पृथ्वीच्या मर्यादांचा विषय जगभर पोचवण्यात संगणकाचा एवढा मोठा वाटा असूनही पुढची कित्येक वर्षं संगणकशास्त्र आणि पर्यावरण यांचे वर्ग वेगळेच भरत राहिले.

२००८मध्ये कॉर्नेल विद्यापीठात कार्ला गोम्स यांच्या पुढाकाराने ‘कॉम्प्युटेशनल सस्टेनॅबिलिटी’, म्हणजे शाश्वत विकासाचे प्रश्न संगणकाच्या मदतीने सोडवणाऱ्या शाखेची संस्था उभी राहिली. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्यासाठी एक कोटी डॉलर दिले. या संस्थेचं एक काम इथे तपशिलात सांगायला हवं. अमेरिकेतलं यलोस्टोन आणि रॉकी पर्वतातली आणखी दोन वनक्षेत्रं हे ग्रिझली अस्वलांचे अधिवास एकमेकांपासून तुटलेले आहेत. अस्वलांना एकातून दुसऱ्यात जाता यावं म्हणून मधल्या जमिनी घेऊन सलग वाट करायची, तर नेमक्या कोणत्या जमिनी घ्यायच्या? प्रत्येक तुकड्याची किंमत वेगळी, अस्वलांच्या दृष्टीने उपयोग वेगळा. पैसे मोजकेच, आणि मधला एक तुकडा सुटला तर सगळी वाट तुटते. अस्वल कुठून जाईल हे जीवशास्त्रज्ञ सांगेल, किमतीचा हिशेब अर्थतज्ज्ञ करेल, पण तुकड्यांच्या अगणित जुळण्यांतून स्वस्त आणि सलग वाट शोधायला अल्गोरिदमच, म्हणजे संगणकाला दिलेली पायरीपायरीची रीतच लागते. माझ्या मते या शिक्षणाचा खरा पाया असल्या प्रश्नांत आहे. दोन विभागांचे तास एका वेळापत्रकात बसवले एवढ्याने तो घातला जात नाही.

२०१९मध्ये प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. भाषेची प्रतिमानं, म्हणजे मजकूर हाताळणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली, घडवायला किती वीज लागते, याचा अंदाज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या संशोधकांनी मांडला. त्यातल्या सर्वांत खर्चिक प्रयोगाचं उत्सर्जन सुमारे २८४ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पाच मोटारींच्या उभ्या आयुष्याइतकं निघालं. २०२१मध्ये गूगलच्या संशोधकांनी तो आकडा कित्येक पटींनी फुगलेला असल्याचं दाखवलं. प्रयोगाची पद्धत, यंत्रं आणि डेटा सेंटर यांबद्दल धरलेली गृहीतकं चुकली होती. वर्गात शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. एक आकडा तपासायचा तर अल्गोरिदम, चिप आणि वीजनिर्मिती या तिन्हींची जाण लागते. २०२१मध्येच जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या एमी व्हॅन वाइन्सबर्ग यांनी शाश्वततेसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि खुद्द कृत्रिम बुद्धिमत्तेची शाश्वतता असे दोन प्रश्न वेगळे करून मांडले.

आपल्याकडे वाट निराळी होती. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. २००३च्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सर्व शाखांसाठीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू झाला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या एरक भरुचा यांनी लिहिलं. ते मुळात शल्यचिकित्सक, म्हणजे पुस्तकही विषयांची कुंपणं ओलांडूनच आलं. त्यानंतर पदवी घेतलेल्यांना ‘ईव्हीएस’चा, म्हणजे या पर्यावरण अभ्यासाचा प्रोजेक्ट आठवत असेल. ओढा, कचराकुंडी किंवा देवराई पाहून यायचं आणि फाईल लिहायची.

म्हणजे संगणकाच्या विद्यार्थ्यासाठी पर्यावरणाचा सक्तीचा तास आपल्याकडे आधीपासूनच आहे. देशातली निम्म्याहून बरीच जास्त वीज अजून कोळशावर तयार होते. आपलं प्रतिमान चालवायला किती युनिट लागली आणि त्यासाठी किती कोळसा जळला, हा हिशेब त्या फाईलच्या चार पानांत सहज मावेल.