पोर्ट वाईन गोव्याची, द्राक्षे कुठली?

‘गोव्यात पोर्ट वाईन बनते, म्हणजे तिथे द्राक्षमळेही असणारच’ असे सहलीच्या संदेशांत वारंवार वाचायला मिळते. वाईन आमच्याकडे तयार होते हे खरे; परंतु वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि दमट हवा यांमुळे वेलींवर ‘केवडा’ नावाच्या रोगासारखे बुरशीजन्य रोग बळावतात, म्हणून द्राक्षे प्रामुख्याने महाराष्ट्र-कर्नाटकातून आणली जातात. सहलीसाठी वायनरी (वाईन बनवण्याचा कारखाना) निवडण्यापूर्वी द्राक्षमळा तिच्या आवारातच आहे का आणि तोडणी कधी असते, एवढे फोनवर विचारले तरी खात्री पटते. तोडणीच पाहायची असेल, तर जानेवारी ते मार्चमध्ये नाशिक गाठावे. गोव्यात मात्र मार्च ते मे या काळात, काजूच्या बोंडांचा रस आंबवून फेणी गाळणारी भट्टी पाहणे, माझ्या मते, अधिक सार्थ ठरते.