खुब्याचे विकार आणि चालीतील दोष

श्रोणीतील (कमरेखालच्या हाडांच्या कड्यातील) खोबणीत मांडीच्या हाडाचा गोल माथा बसून खुब्याचा उखळीचा सांधा होतो. एका पायावर उभे राहिले की या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. त्यामुळे इथले छोटे दुखणेही चालीत उमटते.

‘खुबा दुखतो’ म्हणणारा माणूस हात कुठे ठेवतो, ते आधी पाहावे. सांधाच झिजला असेल तर दुखते ते बहुधा जांघेत. मोजे चढवणे, पायाची नखे कापणे अवघड होऊ लागते. हात मागे कुल्ल्यावर गेला तर मूळ बरेचदा कमरेच्या मणक्यांत किंवा माकडहाडाच्या वरच्या सांध्यात असते. बाहेरच्या उंचवट्यावर दुखत असेल आणि त्या कुशीवर झोपवत नसेल, तर तिथल्या स्नायुबंधांना इजा झालेली असण्याचा संभव अधिक. गरोदरपणात श्रोणीचे सांधे सैलावतात आणि जिना चढताना पुढच्या जोडापाशी कळ येते.

एक पाय उचलला की श्रोणी त्या बाजूला कलू नये, म्हणून दुसऱ्या बाजूचा कुल्ल्याचा स्नायू ती तोलून धरतो. तो किंवा त्याची नस दुबळी झाली की माणूस डुलत चालतो. जर्मन शल्यविशारद फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1895 मध्ये हे उलगडून दाखवले. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची तीही याच स्नायूचे काम हलके करण्यासाठी. बरेच जण नेमकी उलट धरतात.

मुलांमध्ये जन्मजात निखळलेला खुबा, पर्थेस विकार (लहान वयात मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटणे) आणि वयात येताना मांडीच्या हाडाचा माथा घसरणे ही कारणे ध्यानात ठेवावीत. मूल लंगडते आणि गुडघा दाखवते. गुडघ्याचा एक्स-रे निर्दोष निघतो आणि खुबा तपासायचा राहून जातो. मोठ्यांमध्ये स्टेरॉइड किंवा अतिमद्यपानामुळे माथ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकते. चालताना पाय भरून येतात, पण पुढे वाकले किंवा बसले की बरे वाटते, अशी तक्रार असेल तर मणक्यांतली नलिका अरुंद झाल्याची शंका घ्यावी.

म्हातारपणी पडल्यावर पाय आखूड दिसला आणि बाहेर वळला, तर मांडीच्या हाडाची मान मोडली असे धरून चालावे. हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसले असतील तर मात्र अशी व्यक्ती दुखत-खुपत चालतेही, आणि पहिल्या एक्स-रेत ही मोड निसटू शकते.